बासष्ट किलोचं कारण

निमसांगवीच्या सर्वोपकारी नागरी सहकारी पतसंस्थेनं कर्ज नाकारलं, की नाकारण्याचं कारण तिसऱ्या दिवशी अर्जदाराच्या घरी राहायला येतं आणि पटेपर्यंत हलत नाही. पन्नास टक्क्यांखालची कारणं पोस्टानं येतात, त्यावरची स्वतः येतात. श्रीरंग उपळेकरांकडे जे आलं ते बासष्ट टक्क्यांचं होतं, आणि टक्क्याला एक किलो या संस्थेच्या हिशेबानं त्याचं वजनही बासष्ट किलो होतं.

ते मंगळवारी सकाळी पावणेआठला आलं. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, तपकिरी पँट, हातात कापडी पिशवी. उपळेकर ओसरीवर आरसा टांगून दाढी करत होते. उजवा गाल झाला होता, डाव्यावर फेस होता.

"उपळेकर का?"

"हो."

"श्रीरंग गणेश? तंत्रनिकेतनातले भांडारपाल?"

"हो."

"आत येऊ?"

"या ना, या ना."

कारणानं खिशातून छोटी वही काढून त्यात काहीतरी टिपलं, चपला एका रेषेत काढल्या आणि ओसरीवरच्या वेताच्या खुर्चीत बसलं. पाहुण्यासमोर दाढी करत राहणं बरं दिसणार नाही म्हणून उपळेकरांनी फेस पुसून टाकला. त्या दिवशी ते अर्ध्या दाढीनंच कामावर गेले.

"कोण आलंय हो?" आतून मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"कारण आलंय."

"कशाचं?"

"आपल्या कर्जाचं. नाकारलंय."

मंदाकिनीबाईंनी गॅस बारीक केला. मग पदराला हात पुसत बाहेर आल्या, पाहुण्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "कांदा-लसूण चालतं का?"

"मला आवडनिवड नाही," कारण म्हणालं. "वस्तुस्थिती असली की पुरते."

निमसांगवीत याचं नवल कुणाला वाटत नसे. पूर्वी पतसंस्थेचे व्यवस्थापक तारळेकर अर्जदाराच्या चपला बघून कर्ज देत. टाच बाहेरून झिजलेली असली तर मंजूर, आतून झिजलेली असली तर नामंजूर. पद्धत सर्वांना ठाऊक असल्यामुळे अर्जाच्या दिवशी गावात चपलांची उसनवारी चाले. पुढं संस्थेनं निर्णयाचं यंत्र घेतलं. यंत्र फक्त 'मंजूर' किंवा 'नामंजूर' एवढंच सांगे. वार्षिक सभेत सभासद उठून म्हणाले, चपलेचं निदान कळत तरी होतं, याचं काय? चर्चा इतकी रंगली की निमसांगवीच्या इतिहासात पहिल्यांदाच अल्पोपाहाराचे वडे गार झाले. शेवटी ठराव क्रमांक चौदा एकमतानं झाला: यंत्रानं आपल्या प्रत्येक निर्णयाचं कारण अर्जदारास समजेल अशा स्वरूपात घरपोच द्यावं. यंत्र ठराव वाचत असे. सभासदांपैकी दुसरं कुणी ते करत नसे. गेल्या वर्षी देशमाने मास्तरांकडे अठ्ठ्याऐंशी किलोचं कारण आलं होतं. त्यांचा पलंग मोडला, पण त्यांना पटलं.

उपळेकरांचा अर्ज ऐंशी हजारांचा होता आणि तो मंदाकिनीबाईंच्या कांडप मशीनसाठी होता. एकोणीस वर्षं त्या घरच्या उखळात मिरची कुटून मसाला करून विकत होत्या. त्यात त्यांचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी हात खांद्याच्या वर न्यायची बंदी घातली होती, आणि खांद्याच्या खालून मुसळ चालवायची युक्ती अजून कुणाला सापडलेली नव्हती. गल्लीतल्या शिंत्रेकाकू आपलं कांडप मशीन विकून मुलाकडे नाशिकला जाणार होत्या. रंगपंचमीपर्यंत थांबते म्हणाल्या होत्या, नंतर जतचा व्यापारी ते उचलणार होता. होळी झाली की गच्चीगच्चीवर मिरच्या वाळायला पडतात. मंदाकिनीबाईंच्या वहीत एकशे बारा किलो मसाल्याची मागणी लिहिलेली होती. मशीन मिळालं नाही तर ती वही मिटायची, आणि या खेपेला कायमचीच.

"अर्ज मीच केला असता," त्या कारणापुढं चहा ठेवत म्हणाल्या. "मला सगळं जमतं. पण पगारपत्रक यांच्या नावावर."

"आपल्याबद्दल यंत्राचं काही म्हणणं नाही," कारण म्हणालं. मग पिशवीतून कागद काढून स्वच्छ आवाजात वाचू लागलं. "अर्जदारास नाही म्हणता येत नाही. भार, बासष्ट टक्के. पुरावे. एक, अर्जदार अकरा कर्जदारांना जामीन आहे. पैकी तिघे हप्ते भरत नाहीत आणि दोघांचे हप्ते अर्जदाराच्या पगारातून कापले जातात. दोन, सहा भिश्या. तीन, चार प्रेशर कुकर, एकाच विक्रेत्याकडून, एकाच दुपारी. चार, आरोग्यकोश, सत्तावीस खंड, वेष्टन न फोडलेले. पाच, पाणी शुद्ध करायची यंत्रं तीन. नळाला पाणी एक दिवसाआड."

उपळेकरांनी दाराकडे एकदा बघितलं आणि हळूच विचारलं, "लग्नाचं काही आहे का त्यात?"

"लग्नाची नोंद आहे. ती उपयुक्त वस्तूंत धरली आहे."

"ऐकू येतंय मला," आतून मंदाकिनीबाई म्हणाल्या.

बाकीची दोन कारणं पोस्टाच्या पाकिटांतून त्याच दिवशी आली. तेवीस टक्के, अर्जदाराचं वय चोपन्न. पंधरा टक्के, पत्त्यात 'देवळामागे' असं लिहिलं आहे, कोणत्या देवळामागे ते लिहिलेलं नाही. उपळेकरांनी ती वाचून कपाटात ठेवली आणि ते पुन्हा पाहुण्यासमोर येऊन बसले.

"पटलं," ते म्हणाले. "अगदी बरोबर आहे. सही कुठं करू?"

"तुम्हाला पटलेलं नाही. मी इथवर चालत आल्याचं तुम्हाला वाईट वाटतंय, म्हणून तुम्ही म्हणताय."

"नाही हो, खरंच पटलं."

"या भिडेपोटी माझं वजन आत्ता एक किलोनं वाढलं," कारण म्हणालं. खुर्ची करकरली. "आता पुढचं सांगणं माझ्यावर बंधनकारक आहे. तुम्ही लोकांना नकार देऊ लागलात तर मी कमी होईन. वीस किलोंच्या खाली आल्यास मी रद्द होईन आणि कर्ज मंजूर होईल. तुम्हाला मी खरोखर पटलं तर मी जाईन, पण कर्जही जाईल."

"आणि यांनी काहीच केलं नाही तर?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"तर मी आहेच."

"रंगपंचमी किती दिवसांवर आली?"

"छत्तीस," कारण म्हणालं. "संस्थेनं मला दिलेली मुदतही तेवढीच आहे."

दुसऱ्या दिवशी मंदाकिनीबाईंनी उपळेकरांना पतसंस्थेत पाठवलं. बासष्टच्या कारणाऐवजी वयाचं तेवीस टक्क्यांचं कारण मुख्य धरता येईल का, एवढं विचारायचं होतं. तारळेकरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"उपळेकर, ते यंत्रानं काढलंय. आत काय चालतं ते मला विचारू नका, मला पंख्याचं बटणसुद्धा शिपाई दाखवतो. पण एक सांगा, कारण खोटं आहे का?"

"खोटं नाही."

"मग? माझ्या चपलांपेक्षा बरं की नाही? पूर्वी तुम्ही माझ्याशी भांडला असतात."

"मी नसतो भांडलो."

"ते यंत्रालाही कळलंय," तारळेकर म्हणाले. "बरं झालं आलात. आमच्या मंडळाच्या नाटकाची तिकिटं आहेत. दोन देऊ की चार?"

उपळेकर चार तिकिटं घेऊन घरी आले. संध्याकाळी संस्थेचे पिग्मी एजंट होनमाने नेहमीप्रमाणे रोजची ठेव गोळा करायला आले. स्कूटरच्या डिकीतून त्यांनी वजनकाटा काढला, कारणाला त्यावर उभं केलं आणि पासबुकात आकडा लिहिला. चौसष्ट.

"पहिल्या दिवसांत वाढतंच," होनमाने धीर देत म्हणाले. "तुमची पिग्मीची सहा खाती आहेतच, एक सातवं उघडू का? शुभ आकडा आहे."

"होनमाने, तुम्ही निघा," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

त्या रात्रीपासून मंदाकिनीबाईंनी सराव सुरू केला. डोक्यावर सूप घेऊन त्या ओसरीवरून ओरडत, "दुधी घ्या साहेब, दुधी!" आणि उपळेकर म्हणत, "नाही." अगदी खणखणीत म्हणत. पण कारण मान हलवी.

"सरावाचे नकार धरत नाहीत. मागणाऱ्याला मनापासून हवं असलं पाहिजे आणि नाकारणाऱ्याला मनापासून जड गेलं पाहिजे." मग त्यानं पिशवीतून छापील दरपत्रक काढून दिलं. भाजीवाले व फेरीवाले, दोनशे ग्रॅम. शेजारी, पाचशे. वर्गणीवाले, दीड किलो. कार्यालयातले वरिष्ठ, सात. पंगतीत यजमान स्वतः वाढत असल्यास, नऊ. सासरचं माणूस, अठरा.

"सासरचं माणूस सगळ्यांपेक्षा महाग का?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"दर यंत्र ठरवतं. पण मला ते पटतं."

पहिला नकार उपळेकरांनी गुरुवारच्या बाजारात लाल भोपळा विकणाऱ्या बाईला दिला. त्याला अकरा मिनिटं लागली. पहिली दहा त्यांनी भोपळ्याची चौकशी करण्यात घालवली, जात कोणती, पाणी कुठलं, यंदा ऊन कसं. अकराव्या मिनिटाला बाई म्हणाली, "मग तोडू का अर्धा?" उपळेकर म्हणाले, "नाही." बाईनं "बरं" म्हटलं आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. उपळेकर जागच्या जागी उभे राहिले. चोपन्न वर्षं त्यांना वाटत आलं होतं की या शब्दानंतर काहीतरी होतं. काही झालं नाही. शेजारी कोथिंबिरीचा भाव तोच राहिला.

घरी कारणानं वहीत पाहिलं. "धरला," ते म्हणालं. त्रेसष्ट किलो आठशे ग्रॅम.

दोन आठवड्यांत वर्गणीवाले, शेजारी आणि सातवं खातं मिळून कारण अठ्ठावन्नवर आलं. घरात आता त्याची सवय झाली होती. ते मटार सोलून देई. सकाळी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवी आणि प्रत्येक बातमीपुढं ती किती टक्के खरी तेही सांगे. बाजारभावांखेरीज कुठलीच बातमी सत्तरच्या वर जात नसे. मंदाकिनीबाई त्याला कारणभाऊ म्हणू लागल्या.

एकदा जेवणानंतर उपळेकरांनी त्याला विचारलं, "हे मला लागलं कुठून असेल हो? नाही न म्हणण्याचं?"

"यंत्र तेवढं मागं जात नाही. लागलंय आणि किती लागलंय, एवढंच सांगतं."

"आमचे वडील असेच होते."

"त्यांचा अर्ज आमच्याकडे नाही," कारण म्हणालं. मग वही मिटून म्हणालं, "तुमचे अकराही कर्जदार मला पाठ आहेत. म्हणून दाखवू?"

आणि त्यानं अकरा नावं म्हणून दाखवली. कोणत्या साली सही केली, पेन कुणाचं होतं, सहीनंतर चहा मिळाला की नाही. सात जणांनी चहा दिला नव्हता. उपळेकरांना आठवत होतं की त्यांनी सगळ्यांना जामीन दिला, पण एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना त्या रात्री चांगली झोप लागली.

त्यानंतरच्या शनिवारी प्राचार्य म्हणाले, "उपळेकर, उद्या भांडार मोजायला येताय ना?" चौदा वर्षं दर महिन्याचा दुसरा रविवार उपळेकर स्क्रू मोजण्यात घालवत. ते म्हणाले, "नाही." प्राचार्यांना ऐकू आलं नाही. त्या खोलीत तो शब्द त्या आवाजात कधी आलेलाच नव्हता. उपळेकरांनी तो पुन्हा म्हटला. प्राचार्यांनी "तब्येत?" असं विचारलं. उपळेकर म्हणाले, "उत्तम." एकावन्न.

रंगपंचमीला बारा दिवस होते तेव्हा होनमान्यांच्या मुलीचं लग्न झालं. कारणाला वेगळं आमंत्रण होतं. पंगतीत ते उपळेकरांच्या डाव्या हाताला बसलं आणि मंदाकिनीबाई समोरच्या ओळीत. तिसऱ्या जिलबीनंतर होनमाने स्वतः परात घेऊन आले.

"उपळेकरसाहेब, माझ्या हातची!"

उपळेकरांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले.

"हात धरले जात नाहीत," कारण खालच्या आवाजात म्हणालं. "तो आग्रहाचाच भाग आहे."

"पुरे, पुरे," उपळेकर म्हणाले.

"पंगतीत पुरे म्हणजे आणखी दोन," कारण म्हणालं. "गेल्या वर्षीचा सभेचा ठराव आहे."

"अहो घ्या! मुलगी काय रोज रोज जाते का?" होनमाने परात घेऊन तसेच ओणवे उभे होते. त्यांच्या कपाळावरचा घाम परातीच्या काठापर्यंत आला होता.

"होनमाने," उपळेकर म्हणाले, "मी ही जिलबी घेणार नाही."

वाढपी जागीच थांबले. दूर कुणाच्या तरी हातातली मठ्ठ्याची वाटी पानावर टेकल्याचा आवाज आला. होनमान्यांनी परात सावकाश पुढच्या पानाकडे नेली. समोरच्या ओळीत मंदाकिनीबाई वरणभात कालवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण कालवायच्या थांबल्या. कारणानं बसल्या बसल्या पट्टा दोन भोकं आवळला. त्या संध्याकाळी होनमान्यांनी काटा काढला, बेचाळीस लिहिलं आणि उपळेकरांशी न बोलता निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बोलू लागले. मुलगी सासरी गेली होती आणि त्यांना बोलायला कुणीतरी हवं होतं.

तरीही बावीस किलो उरले होते आणि दिवस अकरा.

धुळवडीच्या सकाळी मंदाकिनीबाईंचा धाकटा भाऊ दिगंबर आला. त्याच्या हातात जामिनाचा फॉर्म होता. जुना टेम्पो घ्यायचा होता, मालकाला त्याच दिवशी उत्तर हवं होतं. यापूर्वीच्या रिक्षाच्या कर्जाचेही जामीन उपळेकरच होते, आणि पगारातून कापल्या जाणाऱ्या दोन हप्त्यांपैकी एक त्या रिक्षाचा होता.

"दाजी, फुलीपाशी सही," दिगंबर म्हणाला. "पेन आणलंय मी."

उपळेकर फॉर्म वाचू लागले. आजवर त्यांनी एकही फॉर्म वाचलेला नव्हता. त्यात बराच मजकूर होता.

"वाचताय काय दाजी? ताई, हे बघ, दाजी वाचायला लागले!"

मंदाकिनीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. दिगंबरानं त्यांच्याकडे बघितलं. लहानपणी आई कामाला गेली की त्याला त्याच भरवत.

"माझ्याकडे काय बघतोस?" त्या म्हणाल्या. "सही त्यांची आहे."

"नाही, दिगंबर," उपळेकर म्हणाले. "मी सही करणार नाही."

दिगंबर हसला. मग त्याचं हसू गेलं. त्यानं खुर्चीतल्या कारणाकडे बोट केलं. "परक्याला महिनाभर जेवू घालता आणि मला नाही म्हणता? काय, ताई? असंच का?"

मंदाकिनीबाईंच्या हातातला झारा खाली पडला. त्यांनी तो उचलला, धुतला आणि जागेवर टांगला. दिगंबर चहा न घेता गेला. पेन टेबलावरच राहिलं. मंदाकिनीबाई दोन दिवस उपळेकरांशी बोलल्या नाहीत. जेवण वेळेवर होतं, फक्त वाढताना काय हवं ते त्या कारणाला विचारत आणि कारण उपळेकरांना विचारी. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते पेन दिगंबराकडे पाठवून दिलं आणि त्या उपळेकरांना म्हणाल्या, "आमटीला मीठ बरोबर आहे ना?"

कारण चोवीस किलोंवर आलं होतं. उंची तेवढीच होती, पण शर्ट आत कुणी नसल्यासारखा लोंबत होता आणि दुपारी पंखा लावला की ते खुर्चीचा हात धरून बसे.

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी शिंत्रेकाकू येऊन गेल्या. मशीन पुसून ठेवलंय, जतचा माणूस उद्या टेम्पो घेऊन येणार आहे, एवढं सांगून गेल्या. उपळेकरांनी त्या सकाळी दाराशी आलेल्या दोन फेरीवाल्यांना नकार दिला. दोघांनीही आधीच गावात ऐकलं होतं, त्यामुळं त्यांनी मनापासून विचारलंच नव्हतं. धरले गेले नाहीत. निमसांगवीत उपळेकरांकडे आता कुणी काही मागत नव्हतं. चार किलोंसाठी गावात गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

दुपारी उपळेकर ओसरीवर बसले होते. आत मंदाकिनीबाई मिरच्यांचे देठ काढत होत्या. हात थांबला की खांदा दाबत, आणि पुन्हा काढत.

"एक विचारू?" कारण म्हणालं.

"विचारा."

"उद्या मुदत संपते. त्यानंतर चोवीस किलोंवर मी कायम होईन. कायम झालेलं कारण एक दिवस पटतंच, मग त्याला संस्थेत परत जावं लागतं. तिथं कपाट आहे." त्यानं पिशवी मांडीवर ओढली. "अर्जदारानं आपण होऊन ठेवून घेतलं तर कारणाला घरीच राहता येतं. नियमात बसतं. मी फारशी जागा घेत नाही. मटार सोलेन. मला इथं राहू द्याल का?"

आत देठ मोडण्याचा आवाज थांबला.

उपळेकरांनी कारणाकडे बघितलं. त्याला मनापासून हवं होतं. त्यात शंकेला जागा नव्हती. त्यांच्या मनात आलं, आजवर बावीसशे जणांनी आपल्याकडे काही ना काही मागितलं असेल, पण आपण कोण आहोत ते आधी समजून घेऊन मागणारं हे पहिलंच. बाकीच्यांना सही हवी होती. याला अकरा नावं पाठ होती.

त्यांनी घसा साफ केला. एकदा उठले, पुन्हा बसले. वेताच्या खुर्चीची एक सुटलेली पट्टी आत खोचली.

"नाही," ते म्हणाले.

कारणानं वही उघडली. "हा दरपत्रकात नाही," ते म्हणालं, "पण धरला पाहिजे." त्यानं बराच वेळ आकडेमोड केली. मग वही मिटून पिशवीत ठेवली आणि उठलं. उठताना त्याचा पाय फरशीवर धड टेकला नाही.

"चहा घेऊन जा," उपळेकर म्हणाले.

"घेईन."

चहा झाल्यावर मंदाकिनीबाई गेल्या वर्षीच्या मसाल्याची शेवटची बरणी घेऊन आल्या आणि त्यांनी ती त्याच्या पिशवीत घातली. "वाऱ्यानं उडालात तर? एवढं असू द्या हाताशी."

"हे माझ्या वजनात धरतील."

"मसाला माझा आहे, कारणभाऊ. तुमचा नव्हे. तसं सांगा त्यांना."

तिघं चालत पतसंस्थेत गेले. वाटेत उपळेकरांनी कारणाचा दंड धरला होता. तारळेकरांच्या टेबलापुढं होनमान्यांनी काटा ठेवला. कारण पिशवीसकट उभं राहिलं. वीस किलो शंभर ग्रॅम.

तारळेकरांनी चष्मा कपाळावर चढवला. "शंभर ग्रॅमसाठी, उपळेकर? मी काय म्हणतो, आजचा दिवस जाऊ द्या, तुम्ही पुढच्या वर्षी..."

"नाही," उपळेकर म्हणाले. "पिशवी खाली ठेवायला सांगा. त्यात हिचा मसाला आहे."

पिशवी खाली ठेवली. एकोणीस किलो सहाशे ग्रॅम. तारळेकरांनी आकडा दोनदा वाचला, शिक्का उचलला आणि तो पॅडवर दाबला. कारणानं पिशवी उचलली, मंदाकिनीबाईंना नमस्कार केला, उपळेकरांना केला आणि ते आतल्या खोलीत गेलं. दार लोटल्याचा आवाज आला, पावलांचा आला नाही.

रंगपंचमीला सकाळी आठ वाजता मशीन उपळेकरांच्या पडवीत बसलं. जतचा माणूस दहाला आला आणि रिकाम्या टेम्पोतून परत गेला. संध्याकाळपर्यंत गल्लीतली अर्धी माणसं शिंकत होती. मंदाकिनीबाईंनी उजवा हात कमरेवर ठेवून डाव्या हातानं मशीनचं बटण दाबलं, बंद केलं, पुन्हा दाबलं.

मंजुरीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला उपळेकर ओसरीवर दाढी करत होते. उजवा गाल झाला होता, डाव्यावर फेस होता. फाटकाशी एक भक्कम गृहस्थ उभे होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, तपकिरी पँट, हातात कापडी पिशवी.

"उपळेकर का?"

"हो."

"मी मंजुरीचं कारण. ठराव क्रमांक चौदा प्रत्येक निर्णयाला लागू आहे. भार, एक्याऐंशी टक्के. अर्जदारास नाही म्हणता येतं."

"मुदत?"

"कर्जाइतकी. साठ हप्ते."

"आणि मी हो म्हणायला लागलो तर?"

"तर मी कमी होईन. पन्नासच्या खाली आल्यास कर्ज परत मागवलं जाईल. हे सांगणं माझ्यावर बंधनकारक आहे." त्यानं चपला एका रेषेत काढल्या. "आत येऊ?"

"नाही," उपळेकर म्हणाले.

"आभारी आहे." ते आत आलं, वहीत नोंद केली आणि खुर्चीत बसलं. खुर्ची बराच वेळ करकरली.

"कोण आलंय हो?" पडवीतून मंदाकिनीबाईंनी विचारलं. मशीनच्या आवाजात त्यांना ओरडावं लागलं.

"कारण आलंय."

"कशाचं?"

"मंजुरीचं."

मशीन थांबलं. मंदाकिनीबाई बाहेर आल्या. कोपरापर्यंत हात तांबडे होते. त्यांनी पाहुण्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कांदा-लसूण चालतं का?"

"मला आवडनिवड नाही."

"अहो, यांना माळ्यावरची गादी काढून द्या जरा."

"नाही," उपळेकर म्हणाले.

पाहुण्याचं वजन पाव किलोनं वाढलं. मंदाकिनीबाईंनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा पाहुण्याकडे, मग पदर खोचला आणि डाव्या हातानं शिडी ओढत त्या माळ्याकडे निघाल्या. उपळेकरांनी आरसा सरळ केला आणि राहिलेली अर्धी दाढी केली.